बसायचा पाट आणि बसवायचा पाट

पालघरकडे जाऊन आलेली माणसं समुद्र, सुरूची बनं आणि चिकूच्या वाड्या यांचं कौतुक सांगत बसतात. मी तिकडे तीन आठवडे राहून आले आणि माझ्या नावावर जमा आहे तो एक मोडलेला पाट. मुरबे गावात आज कुणापाशीही कोल्हापूरच्या बाईचं नाव काढा, "कोन, ती पाटावर बसली ती?" असंच विचारतील. गोष्ट आता आमच्या गल्लीपर्यंतही पोचली आहे आणि पोचता पोचता तिला हातपाय फुटलेत. म्हणून म्हटलं, मोडणारीनंच सांगितलेलं बरं.

मी शालन. शाळेतून निवृत्त झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, कोल्हापुरात आईवडिलांच्या घरी राहते. धाकटा भाऊ दिलीप बोईसरला एमआयडीसीत कामाला आहे. दरवर्षी तो आणि त्याची बायको रेखा गणपतीला कोल्हापूरला येतात. यंदा घराचं छप्पर उतरवून ठेवलेलं, आणि गणपतीला ताडपत्रीखाली बसवायचं काही मला पटेना. तेव्हा ठरलं, यंदाचा गणपती बोईसरला. मी श्रावणातच जाऊन दाखल झाले, कारण रेखावर सगळं सोपवायचं म्हणजे... जाऊ दे. नणंद आहे मी, एवढ्यावरून काय ते समजून घ्या.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवते, पण ती आपल्यातच राहू द्या. आमच्या घरी गणपतीला माझ्या हातचे एकवीस उकडीचे मोदक असतात, अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे. गेली सात-आठ वर्षं ते मोदक मागच्या गल्लीतल्या पाटीलवहिनी करतात. माझे गुडघे बसू देत नाहीत आणि बोटं कळ्या पाडू देत नाहीत. पहाटे मागच्या दारानं डबा येतो, मी ते माझ्या मोदकपात्रात मांडते आणि घाम पुसत बाहेर येते. हे त्या माउलीखेरीज कुणालाही ठाऊक नाही.

कुंभारवाडा

बोईसरच्या बाजारात गणपतींचे मांडव लागले होते. झगमगीत, एकासारखे एक. रेखा म्हणाली, "वन्सं, यातलाच एक पसंत करून टाकू."

"आमच्यात कुंभाराकडनं मातीचा आणतात," मी म्हटलं. "तुमच्यात काय करतात ते मला माहीत नाही."

लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला अजून 'तुमच्यात' म्हणायचं म्हणजे खोडच. पण सवय जात नाही. रेखानं नुसती पर्स उचलली.

पालघरच्या बाहेर, केळवे-माहीमच्या रस्त्याला आत वळलं की दहाबारा घरांचा कुंभारवाडा आहे. एरवी माठ, पणत्या आणि चुली. आषाढ लागला की चाक बाजूला ठेवायचं आणि गणपती करायला बसायचं. आम्ही गेलो ते हिराकाकींच्या घरी. साठीच्या बाई, हात कोपरापर्यंत मातीचे, बोलणं तिखट, आणि तिकडच्या रीतीनं 'ळ'चा 'ल' करणारं. त्यांचे मालक जनूकाका कोपऱ्यात पायानं माती तुडवत होते. हा माणूस बोलत नाही. हसू आलं की खांदे हलतात, त्यावरून कळायचं.

ओसरीभर गणपतीच गणपती होते, कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाहीत, वर बल्ब लावलेले. पावसाळी हवेत माती सुकायची म्हणजे कर्मकठीण. पण माझं लक्ष गेलं ते मूर्तींच्या बुडाशी. प्रत्येक मूर्ती वेगळ्या पाटावर. शिसवी पाट, आंब्याचे पाट, एक चक्क शाळेच्या बाकाच्या फळीचा.

मी आमच्याकडच्या रीतीनं एका सुबक मूर्तीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कितीला?"

हिराकाकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या पाळण्यातलं पोर विकत मागितलं. "ही एडवन गावची हाय. त्यांचा पाट, त्यांचा गनपती. तुमचा पाट आनलाय?"

"पाट चतुर्थीला आणतात ना? मूर्ती न्यायला?"

"मंग तवर मूर्ती करू कशावर? तलहातावर?"

जनूकाकांचे खांदे हलले.

तिथली रीत अशी. आपल्याकडे मूर्ती तयार झाली की आपण पाट घेऊन जातो. तिथं पाट आधी येतो. घराघरातला गणपतीचा पाट सुपारी-तांदूळ ठेवून कुंभाराकडे पोचवायचा, आणि मूर्ती त्या पाटावरच घडते. पाटावर नाव लिहायची पद्धत नाही. कुणाच्या पाटाला कोपऱ्यात तांब्याचा खिळा, कुणाच्या पाटावर कोरलेला मासा, कुणाला खाच. काकी अंधारात हात फिरवून सांगतील, हा माहीमचा, हा केळव्याचा. रुंदी पाहून मूर्ती केवढी करायची तेही त्यांना उमगतं. मला ही रीत मनापासून आवडली. पण आवडली तरी आमच्याकडे पाट नव्हताच. रेखाच्या फ्लॅटमध्ये टेबल-खुर्चीवर जेवतात.

"उद्या घेऊन या," काकी म्हणाल्या. "परवापावेतो आला तर करते. मुरब्याचे पाट आताच आलेत, तेबी बाकी हायत."

मच्छीमार घरांचे पाट नेहमी उशिरा येतात. नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून झाला, होड्या पाण्यात गेल्या, की मग पाट निघतो. ते सातआठ पाट भिंतीला ओळीनं टेकवून ठेवले होते.

तेवढ्यात चहा आला. काकींची सून कपबश्या देऊन गेली. ओसरीवर खुर्ची नाही, सगळीकडे ओली माती. माझे गुडघे सकाळपासून बोंबलत होते. आता तुम्हीच सांगा, भिंतीला पाट टेकवलेला दिसला, हातात चहा आहे, तर कोल्हापूरचं माणूस काय करेल? आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा पाटच देतात. मी त्यातला एक पाट ओढला, काळसर, गुळगुळीत, बसक्या पायांचा, आणि देवाचं नाव घेऊन बसले.

कड्.

आवाज मोठा नव्हता, पण ओसरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्याखाली पाटाचे उभे दोन भाग झाले होते आणि मी दोन्हींवर थोडी थोडी बसले होते.

"अगो बाय," हिराकाकी हळूच म्हणाल्या. "गंगूबायचा पाट."

मला उठवायला रेखा आणि काकींची सून अशा दोघी लागल्या. रेखाचं तोंड गंभीर होतं, पण तिच्या डोळ्यांतला आनंद मी पाहिला. वीस वर्षं तिच्या पोळ्या, तिची रांगोळी, तिचं देवघर यांत मी खोट काढत आले, आणि आज मी देवाचा पाट मोडला होता, तोही बसून. तिनं अंगणात जाऊन दिलीपला फोन लावला. "नाही हो, त्यांना काही लागलं नाही, पाटच मोडला," हे मला आतपर्यंत ऐकू आलं.

इकडे काकी पाटाचे तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "ह्यो त्यांच्या आजेसासऱ्याच्या होडीच्या फलीचा पाट हाय. दुसऱ्या पाटावर त्यांचा गनपती बसत नाय. गंगूबाय रागावली तर एकली नाय जायची. मुरब्यातली तिची अख्खी आली, तिथली समदी घरं, तिच्यामागून येतात आमच्याकडं. ती उठली तर अख्खी आली उठेल. समदे बोईसरच्या मांडवात जातील."

मग कळलं की त्या आठ पाटांपैकी आठही गंगूबाईच्या आळीचे होते. आधीच लोक मांडवाकडे वळलेले, आहे ती गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि मी त्यांच्यावर बसकण मारली होती. मला खरोखर रडू आलं. मी नाक पुसून म्हटलं, "काकी, मीच जाते मुरब्याला. मीच सांगते."

"जा," काकी म्हणाल्या. "तिनं पाट परत धाडला तर तिचा गनपती करीन आनि तुमचाबी. नाय तर दोनी नाय. आनि परवाच्या आत. नाय तर माती वालायची नाय."

बोईसर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तो पाट जुन्या लुगड्यात गुंडाळून बोईसरच्या एका सुताराकडे गेलो. रेखाचं म्हणणं, जोडूनच न्यावा, म्हणजे राग निम्मा होईल. बोईसरच्या बाजारात मराठी कमी आणि हिंदी जास्त कानावर पडते. सुतार गोरखपूरकडचा, कानाला पेन्सिल.

त्यानं फडकं सोडलं, तुकडे उजेडात धरले आणि मोडलेल्या कडेवरून नख फिरवलं. नखाला काळं काहीतरी लागलं. "आंटीजी," तो म्हणाला, "ये आपने नहीं तोड़ा."

आंटीजी म्हटल्याबद्दल मी त्याला ताबडतोब माफ केलं.

"ये तो बहुत पुराना टूटा है. किसी ने राल और रुई भर के जोड़ा था. नाव में भरते हैं ना, वही. ऊपर से कालिख घिस दी. बढ़िया काम है." मग त्यानं पाट परत गुंडाळून माझ्या हातात दिला. "इसमें कील मैं नहीं मारूँगा. भगवान की चीज़ है. जिनकी है उनसे पूछ लो."

आमच्या गणपतीसाठी नवा पाट मात्र त्यानं संध्याकाळी करून द्यायचं कबूल केलं.

दुकानाबाहेर आल्यावर मी पंधरा वर्षांनी लहान झाले होते. "ऐकलंस?" मी रेखाला म्हटलं. "आधीच मोडलेला होता. मी निर्दोष आहे. हे सगळं दिलीपला सांग. आणि तू गावभर ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांनाही सांग."

"सांगते की," रेखा म्हणाली. "गंगूबाईंना आधी सांगू."

मुरबे

मुरब्याला जाईपर्यंत रिक्षात मी वकिलासारखं भाषण तयार केलं. आधी कबुली, मग पुरावा, शेवटी सुताराची साक्ष.

गावात शिरलं की वास सांगतो. किनाऱ्याला वलांडी, म्हणजे बांबूंच्या आडव्या काठ्या, लावलेल्या होत्या. त्यांच्यावर बोंबील सुकवतात, पण पावसात त्या रिकाम्याच होत्या. मोसम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे घराघरांतून ताज्या माशांचा चुर्र चुर्र आवाज येत होता. मी श्रावण पाळते. पण नाक कुठं श्रावण पाळतं?

गंगूबाईंचं घर आळीच्या मध्यावर. सत्तरीची बाई, पण ताठ; काष्ट्याचं लुगडं, दंडावर गोंदण. दारात बसून जाळं शिवत होत्या. शेजारी त्यांची सून प्रमिला मासे साफ करत होती. मी नाव सांगितलं, हिराकाकींचं नाव सांगितलं आणि फडकं सोडलं. शेजारच्या चारपाच बायका लगेच जमल्या. अशा वेळी माणसं जमिनीतून उगवतात.

"हा तुमचा पाट," मी म्हटलं. "माझ्या हातून... म्हणजे माझ्या बसण्यानं मोडला. मला माहीत नव्हतं. पण—"

हा 'पण' महत्त्वाचा होता. त्याच्या पुढे सगळा खटला होता. पण मी गंगूबाईंकडे बघत होते. त्यांनी पाट हातात घेतला, मोडलेली कड वर आली, त्यातली ती काळी रेघ उजेडात दिसली, आणि त्यांनी झटकन तिच्यावर पदर टाकला. एकदाच, पटकन. मग सुनेकडे पाहिलं, तिनं बघितलं की काय ते.

मी चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे. वहीवर हात ठेवणारं पोर मला शंभरांत ओळखू येतं.

मी 'पण' गिळला. रेखानं मात्र तोंड उघडलं, "काकी, तो सुतार म्हणाला की—" आणि मी तिला दंडाला असा चिमटा काढला की ती 'आई गं' म्हणाली.

"काय बोलला सुतार?" गंगूबाईंनी विचारलं. आवाज एकदम बारीक.

"की लाकूड फार चांगलं आहे," मी म्हटलं. "आणि मोडायला माझ्याइतकंच वजन पाहिजे."

आळी हसली. गंगूबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा श्वास सुटलेला मला दिसला. आणि मग त्या उठल्या आणि मला जे काही बोलल्या, ते मी कोल्हापूरची असूनही लिहू शकत नाही. आजेसासऱ्याच्या होडीपासून माझ्या नितंबांपर्यंत सगळं त्यात आलं. आत चुलीवरच्या बोंबलाच्या तव्याकडे बोट करून म्हणाल्या, "खाशील?" मी म्हटलं, "श्रावण आहे." "श्रावन पालतेस नि देवाचे पाट मोडतेस?" आळी पुन्हा हसली. शेवटी त्यांनी निकाल दिला: चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांचा गणपती आळीच्या तोंडापासून दारापर्यंत मी डोक्यावरून आणायचा. मी मान्य केलं. बायका समाधानानं पांगल्या. सुनेला चहा टाकायला आत पाठवलं.

मग गंगूबाई माझ्याजवळ सरकल्या. "सुतार खरं काय बोलला?"

मी सांगितलं.

त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. "लगीन होऊन पयला गनपती," त्या म्हणाल्या. "पाट धुवून आंगनात वालत ठेवला होता. सकालपासून बोंबील साफ करून कंबर मोडलेली. बसली दोन घटका. कड् बोलला. सासू बाजारात गेली होती. होडीतली राल नि कापूस आनला, भरला, काजली घासली. माज्या सासूला मरेपावेतो कललं नाय."

"आणि गणपती?"

"पन्नास वरसं बसतोय त्यावर. काय बोलला नाय."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मोठ्यानं हसायची सोय नव्हती, त्यामुळे फारच त्रास झाला. रेखा भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती.

मग त्या खाटेखाली वाकल्या आणि एक गंजका डबा काढला. आत राळ. आता फायबरच्या होड्या आल्या, राळ कुणी ठेवत नाही. "तुमच्याकडे अजून कशी?" मी विचारलं. "ठेवलीय," त्या म्हणाल्या. "कवा परत मोडंल काय सांगावं." चुलीवर राळ पातळ केली, कापूस भरला, बोटानं दाबला, दोन्ही कडा दोरीनं आवळल्या. शेवटी वरून काजळी घासली. तासाभरात पाट होता तसा झाला.

रिक्षापर्यंत सोडायला प्रमिला आली. पाट तिच्याच डोक्यावर होता. रिक्षात ठेवताना ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, राल जराशी जास्तच भरली त्यांनी आज."

मी पाट मांडीवर ओढून घेतला.

"लग्न झाल्यापासून दर वरसाला पाट मीच धुते ना," ती म्हणाली. "मला पयल्याच वरसाला दिसलं. त्यांना नका सांगू मला म्हाईत हाय ते. त्यांना वाईट वाटेल." आणि पदर खोचून परत गेली.

चतुर्थी

त्याच संध्याकाळी कुंभारवाड्यात हिराकाकींनी पाटावरून हात फिरवला. जोडावर बोट थांबलं, पुढे गेलं. "गंगूबाय काय बोलली?" मी म्हटलं, शिव्या दिल्या, अर्धा तास. त्यांचा चेहरा खुलला. "शिव्या दिल्या म्हंजे येनार. गप बसली असती तर गेली असती." जनूकाकांनी लगेच मातीचा गोळा उचलून त्या पाटावर ठेवला. मग आमचा नवाकोरा पाट आला. त्याला खूण काय, असं काकींनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत जनूकाकांनी काळा रंग घेऊन त्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. त्यांचे खांदे किती तरी वेळ हलत होते.

ठरल्या दिवशी मी मुरब्याच्या आळीतून गणपती डोक्यावर घेऊन चालले. गुडघे बोलत होते, पण खाली ठेवला नाही. आठही घरांचे गणपती हिराकाकींकडूनच आले होते, ते दारादारांतून पोरं उचलून नेत होती. गंगूबाईंनी माझी दृष्ट काढली आणि कानात म्हणाल्या, "खाली बगून चाल. नि बसू नको कुटं."

परत येताना रेखा रिक्षात माझ्या शेजारी बसली. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी चिमटा जोरात बसला का गं?" ती म्हणाली, "बसला. पण बरं केलंत." नणंदेला भावजयीनं 'बरं केलंत' म्हणायची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. मला फार बरं वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंसुद्धा.

घरी आल्यावर तिनं पदर खोचला, ओट्याशी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वन्सं, उद्याचे मोदक घरी करू या, का नेहमीसारखे बाहेरनं मागवायचे?"

मी हातातलं पाण्याचं भांडं ओट्यावर ठेवलं. "किती वर्षं माहीत आहे तुला?"

"पहिल्याच वर्षी कळलं. तोवर तुमच्या मोदकाला अकरा कळ्या असायच्या. एकदम एकवीस झाल्या." मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्चीवर बसून सारण भरलं आणि रेखानं कळ्या पाडल्या. तिला येत नाहीत आणि मला जमत नाहीत. एकवीस वाकडेतिकडे मोदक काळ्या रेघेच्या पाटापुढे मांडले. गणपती काही बोलला नाही.